उशाखालचा विळा

६ जानेवारी १९५९, मंगळवार. महाड.
उमरठहून एस्टीनं आले. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाय, म्हणून आजवर उंबऱ्यावरूनच परतत होते. काल शकूला मुलगा झाला, आज पोटभर जेवले. आमटीत मीठ कमी. विहीण ठकूबाई म्हणाल्या, नातू बघायला आलात की आमटी? म्हटलं, दोन्ही. पोरानं नाक शकूचंच घेतलंय. रोज चार ओळी लिहा, नायतर अक्षर विसराल, असं प्रौढवर्गाच्या मास्तरांनी बजावलंय. लिहिते.

९, शुक्रवार.
पाचवी पुजली. पाट्यावर सटवाई मांडली. बाहेरचं काही फिरकू नये म्हणून बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड लागतं. विळा मीच ठेवला, चांगला धारेचा बघून. शकू झोपत नाय. रडते. माझी नणंद रखमा बाळंतपणात अशीच रडायची, पुढं जात्यावर गाऊ लागली. हीही गाईल.

११, रविवार.
शकू म्हणते, हे पोर माझं नव्हे, बदललंय. आढ्यातून कुणी बोलतं म्हणे, ते तिलाच ऐकू येतं. सकाळी माझा हात धरून म्हणाली, आये, विळा काढ गो, मला माझ्याच हातांचं भ्या वाटतं. मी खेकसले, बाळंतिणीला लोखंडाविना ठेवतात काय? ठकूबाईंनी बाधा ठरवली. विळ्याच्या जोडीला कोयता ठेवला.

१३, मंगळवार.
जावई मालोजींनी डॉक्टर आणला. तो म्हणाला, बाळंतिणीचं मन आजारी पडतं तेही नाना तऱ्हांनी. एक नुसती रडते, एक उगाच धसकते, एकीला आवाज येतात. हिची ती तिसरी तऱ्हा. बाधा नाय, आजार हाय, बरा होतो. उद्याच मुंबईला न्या. पोर तिच्यापाशी ठेवू नका, लोखंड काढा. मी दोन्ही काढून माळ्यावर टाकलं. शकू हसली. ठकूबाई माळ्याकडं बघत राहिल्या.

१४. संक्रांत.
मालोजी गाडी बघायला गेलेत. पोर ओटीवर, माझ्या मांडीवर. आत शकू शांत. झोपली असेल. बरं झालं—

ठकूबाई आत्ता सांगतात— बिनलोखंडाची बाळंतीण बघवेना— विळा पहाटेच परत उशाखाली—

पोर तर माझ्यापाशी हाय. आम्ही सगळी पोरालाच जपत—

हाक मारली. ओ देत नाय.

आतून कडी— शकू, गो शकू—