वेणीची राखण

आये, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आज लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, जाऊनही कितीतरी वर्षं झाली, पण हा राग दुसऱ्या कुणावर काढू?

सुकटीचा हंगाम आटोपला की मुंबईचं म्युझियम दाखवीन, असं तूच कबूल केलं होतंस. मास्तरांनी सांगितलेलं काचेच्या पेटीतलं शिडाचं जहाज मला बघायचं होतं. तेवढ्यासाठी सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे मी हंगामभर हाकलले. रेवसहून आगबोट, पुढे धक्क्यापासून ट्राम, आणि आत शिरताच पहिल्याच दालनात तू अडकलीस. दगडाची देवी, एक हात कोपरापासून तुटलेला. तू अंबाड्यातली अबोलीची वेणी सोडतेस आणि तिच्या पायाशी ठेवतेस. रखवालदार धावत येतो.

"बाई, ही पुजायची देवी न्हाय, बघायची हाय."

"नुसतं बघून तिचं भागतं व्हय? कपाळ बघ तिचं, कोरडं ठाक."

तो बिचारा हसला. बंद करताना उचलीन, तोवर राहू दे, म्हणाला. झालं. तुझा काही विश्वास बसेना. आपली पाठ वळली की हा वेणी फेकील, म्हणून तू तिथेच फरशीवर फतकल मारून बसलीस, राखण करत. मला एकटीला पुढे सोडीनास. मी हात ओढला, रडले, "आये, जहाज" म्हणून विनवलं. "जहाजं काय, दारात रोज बघतेस," म्हणालीस. घंटा झाली आणि आपण तशाच परतलो. वर गावभर सांगत सुटलीस, म्युझियम बघितलं, जीव निवला. अगं, काय बघितलंस तू? एक मूर्ती.

गेल्या महिन्यात मी लेकीला घेऊन गेले. एकही दालन सोडलं नाही. जहाज, तलवारी, चिनी भांडी, भुसा भरलेला वाघ. लेकीला कुठे रेंगाळू दिलं नाही. परतीच्या आगबोटीत पाय ठणकत होते आणि त्या जहाजाला शिडं किती होती, तेही आठवेना. तुझ्या देवीचं ते तुटकं कोपर मात्र लहानपणापासून डोळ्यांपुढे आहे. याचाच मला संताप येतो.

आणि हो, जाताना धक्क्यावर मी अबोलीची वेणी घेतली होती. देवीसमोर उभी राहिले. रखवालदार बघत होता, माझा हात पिशवीतच राहिला. कोमेजलेली वेणी तशीच घरी आली. कुणासाठी घेतली होतीस, असं लेकीने विचारलं, तेव्हा मी तिच्यावरच खेकसले.