शुक्रवारी देव खाली

१९ जाने., रवि.
फ्लॅटची चावी मिळाली. कुसगाव, दुसरा मजला, एक बेडरूम. दादाने चावी आईच्या हातात दिली, तिनं आबांच्या. आबा भिंतीवर खिळा शोधायला लागले. तीस वर्षं दुसऱ्याचा बंगला सांभाळला, चावी खिळ्याला अडकवायची सवय, हात आपोआप वर गेला. नव्या भिंतीला खिळा कुठला. मग शर्टाच्या खिशात टाकली आणि दिवसभर खिसा चाचपत होते.
मालक वारले, पोरांनी बंगला विकला, त्यामागची आमची खोली पण गेली. म्हणून हे. जाताना पोरं चांगली बोलली. आईला जुना मिक्सर दिला.
बाल्कनीतून नागफणीच्या कड्याचं टोक दिसतं. टोकच फक्त.

२२ जाने.
बँकेचा शिंदे आला होता. दादाला मोबाईलवर कर्जाचं खातं कसं वापरायचं ते दाखवायला. दादाच्याच वयाचा. बूट बाहेर काढले, पोहे दोनदा घेतले. आबांना सांगत होता की हे साधं कर्ज नाही, लवचिक आहे. पहिली काही वर्षं हप्ता कमी, पगार वाढला की वाढणार. जास्तीचे पैसे आले तर ह्याच खात्यात टाकायचे, तेवढं व्याज वाचतं, आणि गरज लागली की परत काढायचे, मर्यादेत असेल तर त्याहून जास्तपण. अडचण असली तर एखाद्या हप्त्याला सुट्टी. ह्या बिल्डिंगीत जवळजवळ सगळ्यांनी हेच घेतलंय म्हणे, आता साधं कोण घेतं.
आबा खिशातली चावी चाचपत ऐकत होते. मग म्हणाले, "कर्जाला बी सुट्टी असती व्हय? मला तर कधी शनवार-रयवार घावला न्हाई."
सगळे हसले. आबा सोडून.

२ फेब्रु., रवि.
जुन्या हायवेच्या वळणावर सकाळपासून उभा. धंदा तोच, पर्यटकांना भाड्याचे बंगले दाखवायचा; गाडी दिसली की चाव्यांचा जुडगा वर धरून खुळखुळवायचा. बंगला, बंगला. काच खाली झाली की अर्धं काम झालं.
आज सुरतचं एक कुटुंब जवळपास ठरलं होतं. तेवढ्यात एक ठाकर म्हातारा मधाचं पोळं घेऊन चाललेला दिसला, अख्खं, पळसाच्या पानात. त्याच्याशी बोलत बोलत राजमाचीच्या वाटेला बराच आत गेलो. परत आलो तर सुरतवाले दुसऱ्याने नेलेले. ज्याच्या चाव्या होत्या त्यानं आईवरून शिव्या दिल्या. पैसे नाहीत, मध मिळाला. तो त्याच आईला दिला.
घरी: दादाने सोफा आणलाय. आबा त्यावर चादर टाकून ठेवतात, मालक नसताना बंगल्यात टाकायचे तशी. स्वतः खाली बसतात. आई म्हणाली, "आवो, हितं मालक म्हंजी तुमचाच पोरगा." ते म्हणाले, "व्हय, पर मळतंय ना."
बाहेरून आले की बेल वाजवतात. चावी खिशात असून.

२१ फेब्रु.
आईनं देव मांडले. बेडरूमच्या कोपऱ्यात, नवीन लाकडी देव्हारा. खंडोबाचा टाक, एकवीरा, अन्नपूर्णा. बंगल्यामागच्या खोलीत ते सिलेंडरच्या वरच्या फळीवर होते, फोडणीचा सगळा धूर त्यांच्यावर. आईनं सगळ्यांना चिंच लावून घासलं. मांडून झाल्यावर हात जोडून म्हणाली, "आता हितनं हलायचं न्हाई."
देवाला म्हणाली की आबांना, कळलं नाही.
दादानं ओव्हरटाइमचे पैसे खात्यात टाकले आणि मला मोबाईल दाखवला, व्याज कसं खाली आलं ते. पतंग वर गेल्यावर पोरं दाखवतात तसा दाखवत होता. "आणि लागले तर आपलेच, कधीपण काढायचे." खूप दिवसांनी त्याचं तोंड असं बघितलं.

१५ मार्च
आई. छातीत. काल सकाळी भाकरी थापता थापता खाली बसली. तळेगावला ऍडमिट केली. आज ऑपरेशन.
काउंटरवर पैसे भरा म्हणाले. दादाने उभ्या उभ्या मोबाईलवर त्या खात्यातून काढले. आमच्या शेजारी एक माणूस भावांना एकेक फोन करत होता, शेवटी त्याच्या बायकोनं गळ्यातलं काढून रुमालात बांधलं. आम्हाला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. हे खरं आहे आणि लिहून ठेवतो, कारण पुढं-मागं ह्या कर्जाला मी फार बोलेन.
आबा वॉर्डाच्या दारात उभे. खुर्ची रिकामी होती.

२ एप्रि.
आई घरी आली. दोन हप्त्यांना सुट्टी घेतली दादाने. गोळ्या महाग. मी तिला तिन्ही मजल्यांवरच्या लोकांच्या गमती सांगतो, निम्म्या खोट्या. हसली की छातीवर हात धरते, मग मीच थांबतो.

२० एप्रि., रवि.
शिंदेला फोन केला होता दादाने. काढलेल्या पैशाचं व्याज, सुट्टीच्या हप्त्यांचं व्याज, सगळं धरून हप्ता वाढलाय. सुट्टी म्हणजे माफी नव्हे, हे त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. असेल. आम्ही तेव्हा पोहे वाढत होतो.
दादा चिडला नाही, हेच वाईट वाटलं. मान हलवत राहिला.
आई आतून ऐकत होती. जेवताना म्हणाली, "मी बरी झाले आन घर आजारी पाडलं."
आबांनी तिच्या ताटात भात वाढला. आबांनी कुणाला वाढलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

९ मे, शुक्र.
ठरलं. शनिवार-रविवार फ्लॅट पर्यटकांना द्यायचा. बिल्डिंगीत बहुतेक सगळे तेच करतात. सोसायटीला वॉचमन मिळत नव्हता, आबा म्हणाले मी हाय की, म्हणून पार्किंगमागची खोली आम्हाला मिळाली. दादा दोन दिवस मित्राच्या रूमवर जाईल.
देवांचं काय, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. लोक मटण आणणार, बाटल्या आणणार, देवासमोर कसं. दुपारी आईनं एकेक टाक उचलला, पाटीत कोरं फडकं घालून त्यात ठेवला, वर दुसरं फडकं. तिला जड उचलायचं नाही म्हणून पाटी मी घेतली. जिन्यात ती मागून येत होती आणि म्हणत होती, "सरळ धर, त्यांना गरगरंल."
मग मी हायवेला गेलो. आज जुडग्यात आमची चावी. खुळखुळवली. पहिलीच गाडी थांबली.

११ मे, रवि.
पार्किंगमध्ये संध्याकाळी खुर्च्या मांडलेल्या. सगळी म्हातारी माणसं घरं देऊन खाली. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी, लसूण सोलत. आईला बघून म्हणाल्या, "या, बसा. तुमी बी मालक झालात व्हय."
त्यांच्या लेकाचं कर्ज पण तसलंच. कुणी पोराच्या कॉलेजसाठी काढले, कुणी लग्नासाठी, एकाने गाडी घेतली. गंमत म्हणजे तिथं रडकं कुणी नव्हतं. मावशींनी वर बघून ओळखून दाखवलं, कुणाच्या घरात कुठलं गाणं लागलंय.
नंतर आमच्या घरातला पाहुणा बर्फ मागायला खाली आला. चांगला माणूस, आबांना काका म्हणाला. विचारलं, मालक कुठं असतात?
आबा चटकन उठून उभे राहिले. "मुंबईला. येत्यात कदीमदी."
आईनं ऐकलं. खोलीत जाऊन पाटीवरचं फडकं नीट केलं, नीट होतंच ते.

५ जून
दादा जिन्यात गाठून बोलला. शिंदे म्हणतो कर्जात दुसरं नाव जोडलं, पगारवालं, तर मुदत वाढवता येते, हप्ता खाली येतो. मग घर द्यायची गरज नाही. दुसरं नाव म्हणजे माझं. आबांचं वय झालेलं. माझ्या पगाराच्या तीन चिठ्ठ्या पाहिजेत, सलग, एकाच कंपनीच्या.
मी म्हणालो, तुला माहितीये मी कसा आहे.
"माहितीये. म्हणून तर आत्तापर्यंत विचारलं नाही."
त्यानं रागानं म्हटलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

९ जून, सोम.
परंदवडीजवळ कंपनी. पुठ्ठ्याच्या खोक्यांचं पॅकिंग. ठेकेदारामार्फत. दहावी नापास चालतो. टोपी देतात, परत घेतात.
खिडकी नाही. वर एक झरोका, त्यात चिमणीचं घरटं. सुपरवायझर म्हणाला, वर काय बघतो.

११ जुलै, शुक्र.
पहिली चिठ्ठी. आईनं हातात घेतली, वाचता येत नाही, तरी दोन्ही बाजूंनी बघितली. मग देवांपुढं ठेवली. देव पाटीत होते, शुक्रवार ना. पाटीतच ठेवली.

१९ जुलै
गण्याचा फोन, आंदर मावळातनं. भाताची आवणी चाललीये, ये चार दिवस, चिखल, मासे, वरच्या पठारावर धबधबे आहेत कोण बघत नाही ते. बसस्टॉपपर्यंत गेलो होतो. वडगावची गाडी आली, समोर थांबली, कंडक्टरने विचारलं पण. चढलो नाही. कामावर पोचलो तेव्हा स्वतःचंच नवल वाटत होतं. मग दिवसभर नुसतं रडायला येत होतं, कशाचं ते माहीत नाही.
पिल्लं उडाली झरोक्यातली.

८ ऑग.
दुसरी. दादानं माझ्यासाठी रेनकोट आणला. पाटी आज त्यानं नेली खाली. नेताना पाय घसरला, अन्नपूर्णा जिन्यात पडली. चेपली नाही. आई म्हणाली, "तिला बी कटाळा आलाय."

१० सप्टें., बुध.
तिसरी चिठ्ठी मिळाली. शनिवारी शिंदेकडे फाईल द्यायची. दादा म्हणाला, शुक्रवारी कामावरून थेट येतो, तुझ्या सह्या घेतो. ह्या शनि-रविचं बुकिंग त्याने घेतलंच नाही.
आई आज खाली गेली आणि मावशींना सांगून आली. मावशी म्हणाल्या म्हणे, "जा बाई, तू तरी वर जा."

१२ सप्टें., शुक्र.
दुपारी गेटवर ठेकेदाराच्या माणसाने आम्हाला बाजूला घेतलं. तीन महिने झाले, आता ब्रेक. सगळ्यांनाच देतात. कायम करायला लागू नये म्हणून. महिन्या-दोन महिन्यांनी बघू, आला फोन तर या. टोपी काढून घेतली.
जुने होते त्यांना माहीत होतं. एकाने विचारलं, तुला नव्हतं सांगितलं?
सोमाटण्यापर्यंत चालत आलो. शिंदेला फोन केला, नाव न सांगता, आपलं असंच विचारलं. तो म्हणाला, चिठ्ठ्या बघतात आणि कंपनीत फोन करतात, माणूस कामावर आहे का ते. कधी करतात, कधी नाही करत.
कधी नाही करत.

आता सहा वाजलेत. हॉलमध्ये बसून लिहितोय. तिसरी चिठ्ठी खिशात आहे, खरी आहे, शिक्का आहे. आईनं विचारलं, लवकर कसा, मी म्हणालो सोडलं लवकर. खोटं नाही तेपण.
देव वरच आहेत. मेपासूनचा पहिला शुक्रवार. तिनं शेवंती आणलीये बाजारातून, स्वतः चालत जाऊन. पुरण शिजतंय. दादाला आवडतं म्हणून.
आबा मघाशी बाहेरून आले. बेल वाजली नाही. कुलपात चावी फिरल्याचा आवाज आला आणि मी दचकलो, कोण शिरलं म्हणून. आत आले, सोफ्यावरची चादर काढली, घडी केली, कोपरे जुळवून, त्यांच्या पद्धतीनं. मग बसले. सोफ्यावर. आधी कडेला, मग जरा मागं सरकून.
चादर माझ्याकडं दिली. "टाक माळ्यावर. आता काय लागत न्हाई."
अजून टाकली नाही. मांडीवर आहे, तिच्यावर वही ठेवून लिहितोय.
खाली दादाची गाडी थांबली. हॉर्न दिला त्यानं, कधी देत नाही.
आई म्हणतेय, दार उघड रं.