माझ्या नावावरची लाल खूण

ता. ११, गुरुवार
दुपारी, भांडी आवरून

चि. ठमीस,

आईचे पोटभर आशीर्वाद. इकडे मी मजेत. गुडघा शहाण्यासारखा वागतोय. काल काठीशिवाय न्हाणीघरापर्यंत गेले, मग आठवलं काठी खाटेपाशीच राहिली, तर ती आणायलाही काठीशिवायच परत आले! हसलीस का?

पोरीचे पुढचे दोन्ही दात पडले हे मला कळलं बरं का. तिने फोनवर फू फू करून दाखवलं. मी म्हटलं, ये गं बाई, तू आणि मी मिळून एक शेंगदाणा खाऊ. केवढी खिदळली! तिचं हसणं ऐकलं की माझा दिवस गोड जातो.

तू म्हणशील, चौथी शिकलेल्या म्हातारीला पत्राचं खूळ कुठून सुचलं. अगं, त्या फोनवरचा माझा विश्वासच उडालाय.

त्यातल्या गोडबोलीची गंमत तुला सांगायची राहिली. ऑपरेशननंतर तू ते बोलणारं यंत्र फोनमध्ये घालून दिलंस आणि म्हणालीस, "आई, ही रोज नऊ वाजता तुझी विचारपूस करेल, तेवढीच तुला सोबत." खरंच सोबत झाली गं. "आजी, आज दुखणं एक ते दहात किती?" काय तो आवाज, लोण्यासारखा! तुझ्या बाबांनी अख्ख्या जन्मात मला कुठं दुखतंय म्हणून विचारलं नाही.

पण एक खोड होती तिची. मी खरं सांगितलं, "दोन," की "छान, काळजी घ्या" म्हणायची आणि गप्प. अर्ध्या मिनिटात कारभार आटोपला. एकदा चुकून "आठ" म्हणाले, तर बाई बसलीच की माझ्यापाशी! झोप लागते का, घरी कोण असतं, पूर्वी काय काम करायचात. मी तिला शिवणखान्यातल्या काजांपासून मुकादमाच्या टकलापर्यंत सगळं सांगितलं. मग काय, दुसऱ्या दिवशी आठ, तिसऱ्या दिवशी नऊ. "जास्तीची गोळी घेतली का?" "घेतली बाई, तीन घेतल्या." तेवढंच बोलणं लांबतं.

आता तुला सांगते, पहिल्या आठ दिवसांनंतर मी त्या दुखण्यावरच्या गोळीला शिवलेसुद्धा नाही. डोकं जड, पोट गच्च. तू आणायचीस आणि मी पाकिटं बटणांच्या डब्यात टाकायची. फेकवत नाही ना मला काही.

म्हणजे शनिवारी दवाखान्यात जे झालं त्यात माझाही हात आहेच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण हा संन्यासीही काही फार सोवळा नव्हता.

तरी लागलं गं मनाला. औषधाच्या खिडकीपाशी तो चष्मेवाला केवढ्याने म्हणाला, "आजी, तुमच्या नावावर लाल खूण आहे, आधी डॉक्टरांना भेटा." मागे वीसेक माणसं. एका बाईने आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी चोर दिसते का?

मग ती डॉक्टरीण. वयाने लहान, पण बोलायला चांगली. म्हणाली, "आजी, हे एआय आहे. हजारो पेशंट बघून ते शिकलंय. तुमची रोजची उत्तरं आणि गोळ्या कधी नेल्या ते बघून, सवय कुणाला लागतेय हे ते आधीच ओळखतं." म्हणजे गोडबोली माझं दुखणं ऐकत नव्हती, माझ्यावर पाळत ठेवून होती. आणि तुला ते माहीत होतं. तू कागदावर सही केली होतीस. मला मात्र सांगितलंस, सोबत.

बरं, तेही गिळलं. माझ्याच थापा माझ्या गळ्यात आल्या. पण ती पुढे म्हणाली, "तीन वेळा गोळ्या मुदतीच्या आधीच नेल्यात. कोण नेतं?" तू माझ्याशेजारी होतीस. माझ्या पिशवीचा बंद तुझ्या मुठीत होता. तू म्हणालीस, "आईच मागते हो. मी सांगून सांगून थकले."

मी कधी मागितल्या गं?

मी तुझ्याकडे बघितलं, तू भिंतीकडे. आणि मी म्हटलं, "हो, मीच मागते." का म्हटलं, मलाही ठाऊक नाही. लहानपणी तू शाळेची काच फोडलीस तेव्हाही असंच माझ्या तोंडून निघालं होतं, माझाच धक्का लागला म्हणून.

घरी आले. म्हटलं, डबा तुझ्यापुढे ठेवते, सगळ्या गोळ्या जशाच्या तशा आहेत, बघ तुझी आई खरी. डबा उघडला. पाकिटं होती. हातात घेतली तर वाऱ्यासारखी हलकी. एकेक गोळी काढून मागचा चांदीचा कागद बोटाने पुन्हा सपाट केलेला, वर बटणं पसरलेली. इतकं नीटनेटकं काम आपल्या घरात एकच माणूस करतं. दर रविवारी "आई, तुझं कपाट लावून देते" म्हणणारं.

पाच दिवस झाले, मी कुणाला बोलले नाही. मागचं एकेक आठवत बसले. तू खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचीस. पोरगी म्हणाली होती, "आजी, आई ना उभ्या उभ्या झोपते," आणि मी मेली हसले होते. दोन वर्षांपूर्वी नोकरीवर, वॉर्डात पेशंटला उचलताना तुझी कंबर धरली, तू म्हणालीस बरी झाली. कुठली बरी व्हायला! मला एकदा तरी म्हणायचंस, आई, दुखतंय. सगळाच्या सगळा डबा तुझ्या ओटीत ओतला असता, मग तुझा कान धरून डॉक्टरकडे नेलं असतं. तू गोळ्या घेतल्यास त्याचं दुःख नाही, ठमे. तू मला पुढे केलंस. म्हातारी आहे, चार दिवस लोक बोलतील, तिचं काय जातंय, असंच ना?

डॉक्टरणीने मला एक कागद दिलाय. बोट ठेवून ठेवून वाचला. गोळ्या एकदम बंद झाल्या की नाक गळतं, सारख्या जांभया येतात, अंग मोडून येतं, घाम फुटतो. शनिवारी खिडकीतून गोळ्या मिळाल्या नाहीत, आणि सोमवारी तू म्हणालीस सर्दी झाली. काल बोलताना अकरा जांभया दिल्यास, मी मोजल्या. ती डॉक्टरीण म्हणाली होती, "यात लाज काही नाही आजी. लवकर कळलं की लवकर सुटतं. हळूहळू कमी करत आणू, मी आहे." बघ, एवढं शहाणं बोलणं सगळं माझ्या कानी पडलं, आणि गरज होती तुझ्या कानाला. यंत्राने घर बरोबर ओळखलं, माणूस तेवढा चुकला.

रविवारी नऊच्या आत ये. पोरीला घेऊन ये, तिला मी बटणं ओवायला बसवते. नऊला फोन वाजेल. मी उचलणार नाही, तू उचल. ती विचारेल, दुखणं किती. खरा आकडा सांग. मग आपण दोघी डॉक्टरणीकडे जाऊ, मी काठी घेऊन येते. नाही आलीस, तर सोमवारी मी एकटी जाईन आणि सगळं सांगेन. तेव्हा मला चहाडखोर म्हण, खुशाल म्हण. पण आणखी एक थाप मारायला माझी जीभ वळणार नाही.

जेवून घे. गरम पाण्याने शेक.

रविवारपर्यंत तुझी लाल खूण आपल्या नावावर ठेवून बसलेली,
तुझी आई