नंबर वाचून दाखवताना

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सुमन गेल्यापासून माल देणाऱ्या नव्या पार्टीचा जीएसटी नंबर तपासायचं मी टाळत होतो. आज पाइपांची ऑर्डर द्यायचीच होती. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही, हा नियम तिचाच.

हे काम आम्ही दोघं करायचो. मी नंबर वाचायचो, ती कॉम्प्युटरवर टाकायची. एकट्या मालकाच्या दुकानाच्या नंबरात पी असतोच. मी म्हणायचो, "पारशिवनीचा पी." पारशिवनी तिचं माहेर. दर वेळी ती म्हणायची, "नाव तं रोज घेता जी, मले नेता कवा?" रिटर्न भरून झालं की जाऊ, असं मी सांगायचो. रिटर्न तर दर महिन्यालाच असतं. एवढं कसं कळलं नाही मला?

आज सुनेला बसवलं. ती म्हणाली, "बाबा, मोबाईलवर फोटो आहे ना, वाचता काहून? मी पाहून टाकते." मी म्हटलं, तू टाक, मी वाचतो. तिला विचित्र वाटलं असेल. वाटू दे.

"पारशिवनीचा पी," म्हणालो आणि थांबलो.

"पी झाला बाबा, पुढे सांगा."

पुढचं अक्षर दिसेना. मोबाईल तिच्या हातात दिला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं तिनं आतून हाक मारली, "बाबा, नोंदणी चालू आहे. देऊन टाका ऑर्डर."