मागून दोन बोटं लांब सदरा

मी, शिवलिंग मन्मथ उदगिरे, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, आज भरदुपारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. हल्ली मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागतो आणि स्वप्नं पडतात, हे खरं आहे. पण स्वप्न कोणतं आणि सातबारा कोणता, एवढं मला अजून कळतं.

१. माझी पत्नी चतुराबाई नऊ वर्षांपूर्वी वारली. मी शिवायचो, ती काज-बटण करायची. चाळीस वर्षं असंच चाललं. ती गेल्यावर बिनकाजाचे सदरे दोरीवर लोंबत राहिले. या वयात माणसाला दोन वेळची भाकरी मिळाली की झालं, असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. कोणीतरी शेजारी बसावं, चष्मा कुठं ठेवलाय ते सांगावं, कपाळाला हात लावून ताप बघावा, असं वाटतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

२. माझे स्नेही गुरुबसप्पा यांनी तेव्हा सल्ला दिला, "आता पोथी वाचत जावा, मन रमंल." पोथीही आणून दिली. ती कोरी करकरीत आहे, त्यांना परत द्यावी. त्यांची बायको हयात आहे, याची आठवणही सोबत द्यावी.

३. श्रीमती गुणाबाई ढगे, निवृत्त अंगणवाडी सेविका, विधवा, मागच्या गल्लीत राहणार, यांच्याविषयी. माझ्या दुकानात बाईच्या अंगाला कधी टेप लावला नाही. बाई जुनं झंपर मापाला देते, त्यावरून नवं बेततो. गुणाबाईंनी दिलेलं माप त्यांचा नवरा असतानाचं होतं. त्यानंतर त्या फार वाळल्या होत्या. त्या मापानं शिवलं तर खांद्यावरून उतरेल, म्हणून मी ते बाजूला ठेवलं आणि नजरेच्या अंदाजानं बेतलं. ही माझी चूक. कारण झंपर अंगाबरोबर बसलं. शेजारच्या केवळाबाईंनी त्यांना भर रस्त्यात विचारलं, "टेप न लावता इतकं बरोबर कसं बसलं गं?" तिसऱ्या दिवशी उत्तर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

गुणाबाई ते झंपर हातात घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, "इतकं बघितलंत तुम्ही माझ्याकडं?"

मी म्हणालो, "हाव."

त्यांनी झंपराची घडी घालून काखेत धरली. मग दोरीवरचा एक सदरा ओढून काज करायला बसल्या. त्याला सहा वर्षं झाली.

त्या रोज दुपारी येतात. मी त्यांना मशीन शिकवली. पत्र्याच्या फटीतलं ऊन चिंध्यांवरून सरकत जातं, दोन्ही मशीनी चालू असतात, आणि माझा डोळा लागतो. उंबऱ्यावर चतुराबाई येऊन बसते. सुईत दोरा ओवत विचारते, "काजं कोण करून राहिलं?" मी नाव सांगतो. ती एक काज उलटंसुलटं करून बघते. म्हणते, "चांगलं हाय." जाग येते तेव्हा माझ्या हातावर गुणाबाईंचा हात असतो.

४. माझा एकुलता एक मुलगा संगमेश्वर लातूरला नोकरीस आहे. मी लग्नाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, नातवंडं लग्नाला आली. लोकं तोंडात शेण घालतील. ती बाई घरात आली तर मी पायरी चढणार न्हाई." गुणाबाई म्हणाल्या, "लेकरू तोडून मला घर नको." म्हणून लग्न राहिलं. त्याचा राग मला आहे, आणि तो मी याच कलमात सोडून देत आहे. राहतं घर आणि दीड एकर मळा संगमेश्वरचा. दुकानाची खोली, दोन्ही मशीनी आणि माझी मोठी कात्री गुणाबाईंची. खोलीत त्यांनी तहहयात राहावं, कोणी हटकू नये.

५. आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. मला मळ्यात चतुराबाईच्या शेजारी बसवावं. त्याआधी अंगात सदरा गुणाबाई घालतील आणि बटणं त्याच लावतील. त्या वेळी "तुमचं नातं काय" असं विचारून त्यांना दाराबाहेर ठेवलं, तर घर आणि मळासुद्धा त्यांचाच. संगमेश्वर, ही धमकीच समज. या कलमाची खबर सगळीकडे व्हावी म्हणून केवळाबाईंना साक्षीला घेतलं आहे.

मात्र गुणाबाईंना हे विचारण्याचं धाडस माझं महिनाभर झालं नाही. मरणाचा विषय काढला की त्या उठून जातात. चारचौघांत, पोराच्या आणि सुनेच्या नजरेसमोर त्या येतील का, याचीच मला भीती होती. बाकी सगळं कागदावर करता येतं, हे येत नाही.

६. काल त्यांनी मला पांढरा सदरा शिवून आणला. टेप लावला नव्हता. खांदा बरोबर, बाही बरोबर, गळा बरोबर. पण मागची बाजू लांब झाली होती. मला बरं वाटलं, अजून शिकवायला काहीतरी उरलं होतं. म्हणालो, "मागून दोन बोटं जास्त झालाय."

त्यांनी माझ्या खांद्यावरचा दोरा काढला. म्हणाल्या, "बसल्यावर बरोबर होईल."

कलम पाचमधला सदरा तो हाच, कपाटात वरच्या फळीवर घडी घालून ठेवला आहे.

लिहून देणार: शिवलिंग मन्मथ उदगिरे (सही)

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. केवळाबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)
२. आदिनाथ, औषध दुकानदार (सही)

स्थळ: अहमदपूर, दुकानाच्या खोलीत
दिनांक: ९ डिसेंबर २०२४