नवापूरले बस थांबली तर

सोपानभाऊ, पाया पडतो.

मी सगळ्यायवरच संशय घेतो, असं तू पुन्हा लिहिलंस. घेतो! उंद्रीचा कृषी केंद्रवाला तुमाले फुकट बसनं गुजरातेत बीटी कपाशी दाखवाले नेऊन राह्यला, त्याले काऊन एवढा पुळका आला?

अशा गाड्या आमच्याच बारवर थांबतात, कारण पुढं गुजरातेत दारू बंद. मी तिथं वेटर आहो, सगळं डोळ्यानं पाहतो. मागच्या हप्त्यात एक बियाणेवाला मले म्हणे, "पाटलायचे ग्लास रिकामे ठेवू नको बे." स्वतः मात्र नुसता सोडा पेत होता. मटन संपलं अन् त्यानं बियाण्याच्या बुकिंगवर सह्या घेतल्या. कपाशी तर अजून कोणी पाह्यलीच नव्हती!

तू कोणाचा चहा जरी घेतला, तरी त्याले नाही म्हणू शकत नाही. एक सही केली का पुरं वावर त्याच बियाण्यात गेलं. म्हणून आमच्या बारात बसूच नको. पुलापलीकडं मुबीनाचाचीची खानावळ आहे. मी रोज तिथंच जेवतो. भाकर गरम राहते, रस्सा झणझणीत. फक्त पैसे देताना भाकरी मोजजो, चाची एखादी जास्तच धरते.

मायची कंबर कशी आहे? तिले सांग, मी बरा आहो, पेत नाही.

पहिले बोंडं फोडून पाहाजो, मग ठरवजो. जेवण मात्र आपल्याच पैशानं. त्यासाठी मनीऑर्डर करून राह्यलो, शंभर रुपये.

तुझा लहाना,
देविदास