घरचा संघ, पाचवा क्रमांक

५ ऑगस्ट २००९, बुधवार. सस्काटून

ग्लेनचा फोन. "प्रोफेसर, इट्स दॅट टाइम ऑफ द इयर." म्हणजे त्याच्या साप्ताहिकासाठी भविष्य. आपल्या पश्चिमेच्या कॉन्फरन्समधले विद्यापीठांचे सहा फुटबॉल संघ, सीझन सुरू व्हायच्या आधीच एक ते सहा क्रमाने लावून द्यायचे. मुदत शुक्रवारची, १४ ता.

दर ऑगस्टला या प्रकाराची शिसारी येते. उद्या पाऊस पडेल का विचारा, खांदे उडवतील. पण नोव्हेंबरात कप कोण उचलणार ते छातीठोक सांगतील. कोच लोकांचा तर पोल असतो. स्वतःच्या संघाला मत द्यायचं नाही हा त्यातला एकच शहाणा नियम, बाकी गेल्या वर्षीची यादी उतरवून काढायची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली की झाले ज्योतिषी.

आणि मी त्यातलाच. जन्म गेला गव्हाच्या नि कॅनोलाच्या उताऱ्याचे अंदाज बांधण्यात. ग्लेनने एकदा थट्टेत विचारलं, पिकाचं जमतं तर फुटबॉलचं का नाही? मी मॉडेल करून दिलं, ते चुकून बरोबर आलं. तेव्हापासून दर वर्षी या लष्करच्या भाकऱ्या.

यंदा वेगळं एवढंच, की आपल्या इथल्या संघात आमचा निखिल आहे. दोन वर्षं बाकावर बसला. आता जुना किकर पास होऊन गेला. जागा एक, दावेदार दोन. नि. आणि तो टायलर. हाताने खेळायच्या या फुटबॉलात चेंडूला लाथ मारणारा खास माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या घरचा. सुधा म्हणते, तुमच्याकडून काही सरळ व्हायचंच नाही.

८ ऑगस्ट, शनिवार

कुलकर्ण्यांकडे पॉटलक, प्रत्येक घराने एक पदार्थ न्यायचा. सगळी मिळून सतरा मराठी घरं या गावात, त्यातली बारा हजर. पंचवीस वर्षं तेच चेहरे, तीच कोशिंबीर. कुलकर्णी ताटात भात वाढता वाढता: "काय प्रोफेसर, यंदा आपला संघ पहिला ना? घरचंच लेकरू आहे!" सगळे हसले. त्याची बायको म्हणाली, "अहो, आईबापांना आपला तो बाब्याच वाटणार."

मी पण हसलो. घरी येईपर्यंत ते हसणं तोंडात आंबलं. या लोकांचा वीट आलाय. पण वीट आलेल्या माणसांचं बोलणं इतकं का लागतं?

मॉडेल चालवून पाहिलं. आपला संघ दुसरा. आकडे पुन्हा घातले. दुसरा. तिसऱ्यांदा गेल्या दोन सीझनचं वजन कमी करून पाहिलं. दुसराच. वहीत २ लिहून गोल केला.

११ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी नि.बरोबर शाळेच्या मागच्या ग्राउंडवर. तो मारतो, मी चेंडू गोळा करून आणतो. दहावीपासूनचा रिवाज. वारा वायव्येचा, चांगला जोरात. शेतांवरून धूळ येत होती. डास तर विचारूच नका.

काय मारतो पोरगा! वारा कुठे वळवेल ते धरून गोलच्या खांबाच्या बाहेर नेम धरतो, आणि चेंडू वळत वळत मधोमध. मी चेंडू उचलायचं विसरून बघत राहिलो. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "पाय ठीक आहे." तो म्हणाला, "ओके."

आमच्या घरात तोंडावर कौतुक करत नाहीत. मी जिल्ह्यात पहिला आलो तेव्हा दादांनी, माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं होतं, गणितात ते दोन मार्क कुठे गेले. दृष्ट लागते, पोर शेफारतं, वगैरे. सु. म्हणते, "तोंडावर नाही तर नाही, पाठीमागे तरी करत जा." तेही आजवर जमलेलं नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार

कॉलम पाठवला. आपल्याला पाचवा क्रमांक दिला.

का, ते इथे तरी खरं लिहावं. दुसरा दिला असता तर कुलकर्णी मंडळी म्हणाली असती, बघा, बाप आहे. मग पाचवा दिला तर कारण द्यायला हवं. कारण लिहिलं: किकर नवखा आहे, वाऱ्यात त्याचा भरवसा नाही. एक वाक्य. लिहिताना हात अडला नाही, उलट बरंच वाटलं. कठोर. निःपक्षपाती.

ग्लेनचा फोन आला. "आउच. युअर ओन किड? वी कॅन जस्ट लीव्ह दिस टीम आउट, यू नो." कोचच्या नियमासारखं, आपला संघ सोडून बाकीचे पाच लावायचे. किती सोपं होतं. मी म्हटलं, नाही, सहाच्या सहा छाप.

१५ ऑगस्ट, शनिवार

छापून आलं. सकाळी नऊला कुलकर्ण्याचा फोन. "मानलं बुवा तुम्हाला! स्वतःच्या पोराला सोडलं नाहीत." दिवसभर छाती फुगवून फिरलो. झाडं छाटली, गराज आवरलं, शीळ घातली म्हणे. सु.नेच सांगितलं. ती स्वतः कॉलमबद्दल एक अक्षर बोलली नाही.

नि. जेवायला येणार होता. आला नाही.

१८ ऑगस्ट, मंगळवार

नि. आला. उभ्यानेच ताक प्यायला. त्याच्या कोचने माझा कॉलम लॉकर रूमच्या दारावर टेपने चिकटवलाय. बाहेर पडताना प्रत्येकाने त्यावर एक फटका मारायचा, म्हणजे राग येतो आणि खेळ सुधारतो, अशी ही थोर विद्या. नि.बद्दलच्या वाक्याखाली लाल रेघ आहे. सगळे फटका मारतात. नि.सुद्धा मारतो.

मग विचारलं, "डिड द मॉडेल से दॅट, ऑर डिड यू?"

मी म्हटलं, "मॉडेल."

साठ वर्षांचा माणूस, फ्रीजचं दार धरून उभा, पोराशी खोटं बोलला. तेही मराठीत नाही, इंग्रजीत नाही, एका शब्दात.

तो म्हणाला, "ओके. इफ इट्स द नंबर्स." ग्लास विसळला आणि गेला. माझ्या आकड्यांवर त्याचा लहानपणापासून विश्वास. बापापेक्षा जास्त.

२३ ऑगस्ट, रविवार. गणेश चतुर्थी

कुलकर्ण्यांच्या बेसमेंटमध्ये गणपती. आरती झाली. मोदक यंदा बरे. प्रत्येक जण येऊन माझी पाठ थोपटतो. "तत्त्वाचा माणूस." "आजकाल कोण करतं असं?" दुसरा मोदक तसाच ठेवला. मखराच्या थर्मोकोलकडे बघत बसलो.

नि. उशिरा आला, संघाचं जॅकेट घालून. जिन्याखालच्या चपलांच्या ढिगाशी उभा राहिला. कुलकर्णीने हाक मारली, "काय रे, पहिल्या मॅचला किक कोण मारणार?" नि. म्हणाला, "टायलर." आणि मग, आपल्या त्या मोडक्या मराठीत, "मीच कोचला सांगितला. वाऱ्यात टायलर बेटर. बाबांचे नंबर्स तसे आहेत."

मीच कोचला सांगितला. म्हणजे जागा कुणी काढून घेतली नाही. त्याने स्वतः उठून देऊन टाकली, माझ्या शब्दावर. आणि तो शब्द खोटा.

गाडीत सु.: "अहो, तुमच्या वहीत दोनाचा आकडा आहे. गोल केलेला. मी पाहिलाय." मी सिग्नलला गाडी थांबवली. "दृष्ट लागू नये म्हणून कौतुक करत नाही म्हणता ना? मग लागली ती कुणाची?"

२६ ऑगस्ट, बुधवार

कोच लोकांचा पोल आला. आपला संघ पाचवा! गेल्या वर्षीच्या यादीत असा बदल करायची यांची हिंमत नव्हती कधी. ग्लेन खुशीत. "दे ऑल रीड यू, प्रोफेसर!" एका कोचने चक्क म्हटलंय, इथल्या किकिंगबद्दल शंका आहे. ही शंका आली कुठून? माझ्याच स्वयंपाकघराच्या टेबलावरून. मी खोटं पेरलं, त्यांनी कापून मला परत विकलं, आणि आता दोन ठिकाणी छापलंय म्हणजे खरंच असणार.

किळस येते. त्यांची थोडी. उरलेली कुणाची ते उघड आहे.

२९ ऑगस्ट, शनिवार

ग्लेनला म्हटलं, दुरुस्ती छाप. मॉडेल दुसरा क्रमांक सांगत होतं, पाचवा मी केला. तो आधी हसला. मग म्हणाला, भविष्य कुणी मागे घेत नाही, सीझन संपेपर्यंत थांब, काय ते कळेलच. पिकाच्या अहवालात मी एकदा एक आकडा चुकवला होता. महिन्याभरात लेखी माफी छापली होती. इथे चूक करायला परवानगी, सुधारायला नाही.

तरी ग्लेनचं एक खरं आहे. दुरुस्ती वाचकांना हवीच कुठे आहे? एकाच माणसाला हवी आहे, आणि तो दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो.

गेलो नाही. गवत कापायच्या मॉवरला पेट्रोल घातलं.

३१ ऑगस्ट, सोमवार

सु.: "आज?"
मी: "उद्या."
सु.: "दादाच आहात हो तुम्ही. हुबेहूब." दादांना तिने एकदाच पाहिलं होतं, लग्नात.

१ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं. ग्राउंडवर. वही घेऊन गेलो होतो, ते पान उघडून त्याच्या हातात दिलं. तारीख, आकडे, २, गोल. म्हटलं, मॉडेलने पाचवा म्हटलं नव्हतं. तुझ्याबद्दलचं वाक्य माझं. आणि ते मला वाटत नव्हतं. लोक काय म्हणतील म्हणून लिहिलं.

त्याने गोलावरून बोट फिरवलं. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सो यू थॉट वी वर सेकंड."

"मॉडेलला…"

"नॉट द मॉडेल. यू."

मी म्हटलं, "पहिला. मला पहिला वाटला होता. म्हणून तर स्वतःवर भरवसा ठेवला नाही."

तो हसला. चांगलं हसणं नव्हतं. वही बंद करून परत दिली आणि म्हणाला, "एव्हरी टाइम यू सेड नथिंग, बाबा, आय फिगर्ड दॅट वॉज द नंबर."

म्हणजे प्रत्येक वेळी मी गप्प राहिलो, तेच तो माझा आकडा समजत होता. दहावीपासून. सहा वर्षं.

विचारलं, कोचशी बोलू का? तो म्हणाला, "प्लीज डोन्ट." चेंडू पिशवीत भरले. एकही मारला नाही.

५ सप्टेंबर, शनिवार

पहिली मॅच, घरच्या ग्राउंडवर. दुपारी ऊन, वारा वायव्येचा. टायलर खेळला. दोन किक चुकवल्या, दोन घातल्या. दुसरी चुकली तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहीत नाही. दुसऱ्याच्या पोराबद्दल होतं. मॅच हरलो, थोडक्यात. शेजारी कुलकर्णी: "बघा! बरोबर निघालं ना तुमचं? किकिंगच नडलं!" त्याच्या हातातली कॉफी त्याच्याच मांडीवर ओतावीशी वाटली. सु.ने माझा दंड धरला होता, तिला कळलं असावं.

मॅच संपल्यावर कुंपणाशी गेलो. मनात वाक्य तयार होतं. रात्रभर घोळवलेलं. नि. आला, जर्सी कोरी करकरीत, एक डाग नाही. मी तोंड उघडलं तर तो म्हणाला, "नॉट टुडे, बाबा. आय डिडन्ट डू एनीथिंग." खरंच होतं. कौतुक करायला निघालो, तर कौतुक करण्याजोगं काही करायची संधीच मी त्याच्याकडून काढून घेतलेली.

तो लॉकर रूमकडे निघाला. पाच पावलं जाऊन वळला. "ट्यूजडे. सिक्स. इफ यू वॉन्ट."

८ सप्टेंबर, मंगळवार

सहाला ग्राउंडवर. तो आधीच आलेला. कोचला त्याने पुन्हा विचारलंय, परत जागा मिळेल का. कोच म्हणाला, बघू. दारावरचा कागद अजून तसाच आहे. काढू का विचारलं, तर म्हणाला, राहू दे, सगळ्यांना आता सवय झालीय.

वारा होताच. आडवा. त्याने चेंडू लांब ठेवला, टायलरच्या दुप्पट लांब, मुद्दामच. धावला, मारला. चेंडू खांबाच्या बाहेर निघाला, वर गेला, वळला, आणि मधोमध. दोन्ही खांबांपासून सारखंच अंतर.

तोंड उघडलं. बाहेर पडलं: "पाय ठीक आहे."

दादांचाच आवाज. शब्दही त्यांच्याच तालात. मला माझीच किळस आली.

नि.ने पुढचा चेंडू उचलला. पण ठेवला नाही. काखेत धरून उभा राहिला, माझ्याकडे बघत. राग नव्हता. थांबला होता नुसता.

"ट्राय अगेन," म्हणाला. मला.

धूळ डोळ्यांत जात होती. तो चेंडू घेऊन उभा. समोर मी, रिकाम्या हातांनी, तोंड उघडं.